एका प्रतीची ठेव

बँकेच्या लॉकरमध्ये लोक काय ठेवतात, असे मला पुष्कळजण विचारतात. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे ठाऊक असणारच, अशी त्यांची समजूत असते. खरे सांगायचे तर ठाऊक नसते. एक किल्ली आमची, एक खातेदाराची. आमची किल्ली फिरवायची, खातेदाराने आपली फिरवली की पाठ करून बाहेर यायचे, एवढेच अधिकाऱ्याचे काम. पण रोह्याच्या शाखेत असताना एका वृद्ध बाईंनी मला परत हाक मारली होती. त्यांचे हात कापत होते, डबा बाहेर निघेना. मी तो काढून दिला. आत दागिना एकही नव्हता. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पत्रांची एक चळत होती. या चळतीसाठी बाई दरवर्षी न चुकता भाडे भरत होत्या. खोटे कशाला सांगू, मला तेव्हा मनातल्या मनात हसू आले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक हकीकत वाचनात आली आणि त्या बाई एकदम डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. बंगालमधील एका कुटुंबाने बँकेच्या तिजोरीत एक पातळसे पुस्तक जपून ठेवले होते. पुस्तक १९४३ च्या दुष्काळाचे. त्याच्या सुमारे पाच हजार प्रती ब्रिटिश सरकारने जप्त केल्या आणि जाळून टाकल्या. तिजोरीतली ती प्रत तेवढी राहिली. २०११ मध्ये दिल्लीच्या एका कलादालनाने तिच्यावरून हुबेहूब आवृत्ती काढली, तेव्हा ते पुस्तक पुन्हा लोकांच्या हाती आले. पुस्तकाचे नाव 'हंग्री बेंगॉल', म्हणजे भुकेला बंगाल. त्यातली चित्रे आणि मजकूर, दोन्ही चित्तप्रसाद यांचे.

चित्रकलेच्या जगात हे नाव मोठे आहे. आपल्या मराठी घरांतून मात्र ते फारसे घेतले जात नाही. वास्तविक हा माणूस आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे आपल्या मुंबईत, अंधेरीला राहिला. तिथल्या एका खोलीत बसून त्याने लिनोलियमच्या तुकड्यांवर चित्रे कोरली, मुलांच्या गोष्टींना चित्रे काढली, वस्तीतल्या पोरांसाठी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ केले. तेव्हा आपल्याच एका शेजाऱ्याची ही गोष्ट आहे, असे समजून वाचावी.

आडनाव टाकलेला मुलगा

चित्तप्रसाद यांचा जन्म २१ जून १९१५ रोजी बंगालमधील नैहाटी येथे झाला. आडनाव भट्टाचार्य. घर ब्राह्मणाचे, शिकलेले, गाण्या-वाचनाची आवड असलेले. मुलगा चित्तगावच्या सरकारी महाविद्यालयात गेला. चित्तगाव म्हणजे १९३० मध्ये सूर्य सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या गावच्या शस्त्रागारावर हल्ला केला ते गाव. तिथल्या हवेतच राजकारण होते. तरुण चित्तप्रसाद त्यात ओढले गेले नसते तरच नवल.

त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नाही. जे. जे. नाही, शांतिनिकेतन नाही, कुणा गुरूंचा गंडा नाही. शेतकऱ्यांच्या सभा होत, त्यांसाठी भित्तिपत्रके लागत, ती हा मुलगा रंगवी. शब्द वाचता न येणाऱ्या माणसाला चित्र वाचता येते, हे त्यांना तिथेच उमगले असावे. पुढे ते कम्युनिस्ट पक्षाचे काम करू लागले. जातीची खूण नको म्हणून त्यांनी आडनाव टाकून दिले आणि नुसते चित्तप्रसाद झाले. चित्राखाली सही करताना तेवढेच नाव. आपल्याकडे आडनावावरून माणसाचे गाव, जात आणि कधीकधी पगारसुद्धा ताडणारे लोक आहेत. त्यांची या सहीपुढे पंचाईतच व्हावी.

मेदिनीपूरच्या वाटेवर

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. जपानी फौजा बंगालच्या किनाऱ्यावर उतरतील या धास्तीने सरकारने किनारी भागातला धान्याचा साठा हलवला, होड्या काढून घेतल्या. पाण्याच्या मुलखात होडी गेली म्हणजे कोळ्याचे जाळे गेले, शेतकऱ्याचा बाजार गेला. त्यातच १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर जिल्ह्यावर चक्रीवादळ आले आणि उभे भात समुद्राच्या पाण्याखाली गेले. खारे पाणी शेतात शिरले म्हणजे काय होते, हे पेण तालुक्यातल्या खारेपाटातल्या माणसाला निराळे सांगायला नको. आमच्याकडे खाडीचा बांध फुटला की त्या शेताचे पुढचे पीकही हाती लागत नाही.

मेदिनीपूरवर सरकारचा रागही होता. आपल्या साताऱ्याला जसे प्रतिसरकार उभे राहिले, तसे तिथे तामलूकला डिसेंबर १९४२ मध्ये लोकांचे सरकार स्थापन झाले होते. एकीकडे युद्धाची महागाई, साठेबाजी, दुसरीकडे सरकारची बेपर्वाई. १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, असा अंदाज आहे.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले. सोबत कागद, शाई आणि लेखणी. रस्त्याकडेला पडलेली माणसे, रिकामी घरे, हाडांचे सापळे झालेली मुले त्यांनी जागेवर बसून रेखाटली. रेषा काळी, जाड, कुठे सजावट नाही. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनेक रेखाटनांबरोबर त्यांनी त्या माणसाचे नाव लिहिले, गाव लिहिले. सरकारी अहवालात मेलेल्यांचे आकडे असतात. आकड्याला तोंड नसते. ज्याला नाव आहे, गाव आहे, तो मात्र कुणाचा तरी बाप, कुणाची तरी लेक असतो. चौतीस वर्षे मी आकडे लिहिले, म्हणून हा फरक मला जरा जास्त कळतो.

या फिरस्तीचे पुस्तक मुंबईत, पक्षाच्या खेतवाडीतल्या छापखान्यात छापले गेले. ते बाहेर पडले आणि सरकारने जप्त केले. आपल्या राज्यात लाखो माणसे अन्नावाचून मेली, याचा चित्रमय पुरावा सरकारला परवडणारा नव्हता. प्रती जाळल्या गेल्या. पण चित्तप्रसाद यांची रेखाटने पक्षाच्या नियतकालिकांतूनही छापून येत होती. छायाचित्रकार सुनील जाना यांची छायाचित्रे आणि चित्तप्रसाद यांची रेखाटने, या दोहोंमुळे बंगालचा दुष्काळ देशाच्या इतर भागांतल्या लोकांना डोळ्यांनी पाहता आला.

अंधेरीची खोली

पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांना कलावंतांची पारख होती. त्यांच्याभोवती मुंबईत कवी, नट, गायक, चित्रकार यांचा मेळाच जमला होता. १९४३ मध्ये मुंबईतच 'इप्टा' ही लोकनाट्य चळवळ सुरू झाली. तिचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह पुढे देशभर गाजले, ते चित्तप्रसाद यांनी काढलेले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबई बंदरात नौसैनिकांनी बंड पुकारले, त्याचीही चित्रे त्यांनी केली. त्याच वर्षी ते मुंबईत स्थायिक झाले. अंधेरीतील रुबी टेरेसमधली एक खोली हे त्यांचे घर आणि तीच कार्यशाळा.

स्वातंत्र्य आले. १९४८ मध्ये पक्षाचे धोरण पालटले, जोशी यांचे सरचिटणीसपद गेले. चित्तप्रसादही हळूहळू पक्षाच्या कामातून बाजूला झाले. माणसांविषयीची त्यांची कणव तीच राहिली. पण आता पाठीशी संघटना नव्हती. कुठल्या शाळेत मास्तरकी नाही, जाहिरात कंपनीत खुर्ची नाही. हाताने जे होईल त्यावर पोट भरायचे. वय तेहतीस-चौतीस.

इथे मला थोडे माझेही सांगायचे आहे. माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. आता पूर्णवेळ लिहायचे, असे मनाने घेतले. राजीनाम्याचा अर्ज लिहून तीन दिवस सदऱ्याच्या खिशात बाळगला. चौथ्या दिवशी पगार झाला, घरातले दूध-वाणी-भाडे भागले आणि मी तो अर्ज रोह्याला कुंडलिकेच्या पुलावर फाडून टाकला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. मुलांची शिक्षणे झाली, पेणला घर झाले. पण ज्यांनी तो अर्ज फाडला नाही, त्यांच्याकडे पाहताना मान आपोआप थोडी लवते.

भेंडीचा ठसा आणि गणपतीचा साचा

चित्तप्रसाद यांनी पोटासाठी आणि मनासाठी जे माध्यम निवडले ते लिनोकट. शब्द परका वाटला तरी गोष्ट घरातली आहे. भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर उमटवलेली फुले आठवतात ना? बटाट्याच्या कापावर टाचणीने कोरलेला तारा? लिनोकट त्याच कुळातले. फरशीवर अंथरण्यासाठी लिनोलियम नावाचे जाड कापड पूर्वी सर्रास मिळे. जवसाचे तेल आटवून त्यात बुचाच्या लाकडाचा भुगा आणि राळ मिसळतात आणि ते तागाच्या कापडावर थापतात. ज्या जवसाची आपण चटणी करतो, तेच जवस. आणि ताग म्हणजे तर बंगालचाच.

या लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र काढायचे आणि कोरणीने कोरायचे. जिथे कोरले तिथे कागद पांढरा राहतो, जिथे राखले तिथे काळा ठसा उमटतो. रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासले तरी चालते. छापखाना नको, महागडी यंत्रे नकोत. एका ठोकळ्यावरून अनेक प्रती निघतात. मात्र एक पथ्य सांभाळावे लागते. जे उजवीकडे दिसायला हवे ते डावीकडे कोरायचे, अक्षरे असतील तर उलटी. आणि चुकून एक फटकारा जास्त गेला तर तो पुसता येत नाही.

आमच्या पेणेत हे सगळे गणपतीच्या कारखान्यात रोज दिसते. साच्यात पाहावे तर सोंड उलट्या बाजूला, पोटाच्या जागी खळगा. नवख्या माणसाला त्यात देव दिसतच नाही. कारागिराला दिसतो. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात आणि तरीही प्रत्येक घरचा गणपती त्या घरापुरता एकटाच असतो. डोळ्यांची आखणी झाली की तो जिवंत होतो. साच्यातून काढला म्हणून त्याची पूजा कुणी कमी करत नाही.

चित्तप्रसाद यांना नेमके हेच हवे असले पाहिजे. तैलचित्र एक असते, ते एकाच्या दिवाणखान्यात जाते. ठशाचे चित्र दहा घरांत, शंभर घरांत जाऊ शकते, गरिबालाही घेता येते. चित्र तिजोरीत जाऊ नये, भिंतीवर यावे, हातात फिरावे, यासाठी त्यांनी हा मार्ग धरला. शेतात राबणारी जोडपी, मूल कडेवर घेतलेल्या आया, शांततेची कबुतरे, मुंबईचे रस्ते असे कितीतरी विषय त्यांनी कोरले. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या 'दो बिघा जमीन' या चित्रपटासाठीही त्यांनी एक लिनोकट केले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढणारा बलराज साहनी यांचा शंभू महातो तुम्हाला आठवत असेल. चित्तप्रसाद यांच्या चित्रांतली माणसे त्याचीच भावंडे.

ज्यांना परीकथा नव्हत्या त्यांच्यासाठी

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कामकरी मुलांवर लिनोकटची एक मालिका केली. तिचे नाव 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स'. परीकथा न लाभलेले देवदूत. शाळेच्या वयात ओझे उचलणारी, राबणारी, फुटपाथवर झोपणारी ही मुले. चित्रे काळ्या-पांढऱ्यातली. अंगावर फाटके कपडे, पण मुलांच्या डोळ्यांत चित्रकाराने लाचारी घातलेली नाही. अशी मुले तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. चहाच्या टपरीवर पेला विसळणाऱ्या मुलाला आपण 'ए छोटू' म्हणून हाक मारतो आणि त्याचे नाव विचारायचे राहून जाते. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपुरात नावे लिहून घेतली होती. मुंबईत त्यांनी चेहरे लिहून घेतले.

ही मालिका पुस्तकरूपाने आली ती १९६९ मध्ये आणि तीही दूर डेन्मार्कमध्ये, तिथल्या युनिसेफ समितीमार्फत. मुले आपल्या रस्त्यावरची, चित्रकार आपल्या गावचा आणि पुस्तक डेन्मार्कचे! यावर अधिक काय बोलावे?

पण मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटतो तो यापुढच्या गोष्टीने. या मुलांना परीकथा नाहीत, असे जगाला सांगून ते थांबले नाहीत. परीकथा नाहीत ना, मग आपण करू, म्हणून ते कामाला लागले. त्यांनी मुलांसाठी बंगालच्या लोककथांना चित्रे काढली. 'किंग्डम ऑफ रसगुल्ला' या नावाचे त्यांचे पुस्तक आहे. नुसत्या नावानेच पोराच्या तोंडाला पाणी सुटावे! मुलांसाठी सचित्र रामायण करण्याचाही त्यांनी घाट घातला होता. ज्या हाताने दुष्काळातली हाडे मोजली, तोच हात राजे, वाघ, पक्षी आणि पऱ्या काढू लागला. रेषेतला ठसठशीतपणा तोच, पण आता ती रेषा नाचते.

त्यांनी 'खेलाघर' नावाचा बाहुल्यांचा खेळही उभा केला. खेलाघर म्हणजे आपली भातुकली म्हणा ना! बाहुल्यांचे वेड असलेले फ्रांतिशेक सालाबा नावाचे एक चेक गृहस्थ त्या काळी मुंबईत होते, त्यांच्याशी चित्तप्रसाद यांची मैत्री जमली आणि हा नाद वाढला. बाहुल्या स्वतः करायच्या, कपडे स्वतः शिवायचे, गोष्ट स्वतः रचायची आणि प्रेक्षक म्हणून वस्तीतली मुले. तिकीट कुठले आणि काय! चित्रांतून ज्यांना देवदूत म्हटले, तीच मुले खाली बसून टाळ्या पिटत असतील, तेव्हा त्या एका खोलीतल्या माणसाला काय वाटले असेल? मला वाटते, त्या दिवशी खिशात किती पैसे आहेत याची त्याला आठवण नसेल.

हिशेब

पैसे मात्र कधीच पुरेसे नव्हते. ओढगस्त शेवटपर्यंत राहिली. सालाबांच्या स्नेहामुळे त्यांची चित्रे चेकोस्लोव्हाकियात पोचली, प्रागच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने ती संग्रहात घेतली. १९७२ मध्ये पावेल होब्ल या चेक दिग्दर्शकाने त्यांच्यावर 'कन्फेशन' नावाचा लघुपट केला. चित्रे देशोदेशी फिरली, चित्रकार अंधेरीतच राहिला. प्रकृती ढासळत गेली. अखेर ते कलकत्त्याला परतले आणि १३ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथेच वारले. वय त्रेसष्ट. आज मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर किमती वाढल्या. कलादालनांतून प्रदर्शने झाली, जाडजूड ग्रंथ निघाले. गरिबाच्या भिंतीसाठी काढलेले ठसे आता संग्राहकांच्या कपाटांत आहेत. यात कुणाचा दोष नाही. जुन्या वस्तूचे असेच होते. पण जुना बँकवाला म्हणून मी त्या पुस्तकाचा हिशेब मांडून पाहतो, तेव्हा गंमत वाटते. पाच हजार प्रती लोकांसाठी काढल्या, त्या आगीत गेल्या. एक प्रत घरच्यांनी मायेने तिजोरीत ठेवली आणि तिच्यातून सत्तरेक वर्षांनी पुस्तक पुन्हा जन्माला आले. तिजोरीसाठी कधीच चित्र न काढणाऱ्या माणसाचे पुस्तक तिजोरीने वाचवले. ज्या साम्राज्याने ते जाळले, त्या साम्राज्याचा सूर्य कधीच मावळला. मेदिनीपूरच्या त्या माणसांची नावे शिल्लक आहेत. बँकेत आम्ही कितीक ठेवी घेतल्या, पण इतके व्याज देणारी ठेव पाहिली नाही.

रोह्याच्या त्या वृद्ध बाईंना मी मनातल्या मनात हसलो होतो. आता वाटते, त्यांना भाडे कशासाठी भरायचे ते माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

आज रविवार आहे. घरात लहान मूल असेल तर दुपारी एक काम करा. एक बटाटा मधोमध कापा, त्याच्या हाती बोथट सुरी द्या, शेजारी आपण बसा. त्याला त्याच्या नावाचे पहिले अक्षर कोरू द्या. ते उलटे उमटेल, पोर आधी गोंधळेल, मग हसेल. मग त्याला सांगा, की आपल्या मुंबईत, अंधेरीला एक चित्रकार राहत होता. तो सगळे उलटे कोरायचा, म्हणजे ते कागदावर सुलटे उमटायचे. आणि ज्या मुलांना गोष्ट सांगायला कुणी नसे, त्यांच्यासाठी तो चित्रे काढायचा.